९६ : रामची पेटी, जानूचं गाणं आणि आपापली दहावीची बॅच

दुपारचा_चहा (धागाकर्ता)

परवा घरात कुणी नव्हतं. मुलांना सुट्टी, बायको माहेरी. कुकर लावला, ताट वाढून घेतलं आणि '९६' बघायला बसलो. तमिळमधलं मला 'वणक्कम' आणि 'इल्ले' सोडून काही कळत नाही. खालच्या ओळी वाचता वाचता भात गार झाला, वरणाचा गोळा झाला आणि अडीच तासांनंतर तसंच ताट सिंकमध्ये ठेवून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सिगरेट सोडून सात वर्षं झाली, नाहीतर ओढली असती.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबा, खाली सगळी गोष्ट फोडली आहे.

दिग्दर्शक सी. प्रेमकुमार. मूळचा छायाचित्रकार, दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट, ऑक्टोबर २०१८ चा. राम (विजय सेतुपती) हिंडून फोटो काढतो आणि फोटोग्राफी शिकवतो. एकदा तंजावरवरून जाताना जुन्या शाळेत डोकावतो, तिथून बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप, तिथून चेन्नईत गेट-टुगेदर. आणि त्यासाठी सिंगापूरहून येते जानू (त्रिशा). दहावीत दोघांचं जमलं होतं. म्हणजे 'जमलं' हा शब्दही फार मोठा आहे. ती जवळ आली की हा गार पडायचा. दहावीनंतर वडलांच्या कर्जापायी रामचं कुटुंब रातोरात गाव सोडून मद्रासला गेलं. सुट्टी संपवून जानू शाळेत येते तर त्याची जागा रिकामी. त्यानंतर थेट बावीस वर्षांनी भेट. तिला नवरा आहे, मुलगी आहे. हा बिनलग्नाचा. पहाटेपर्यंत दोघं चेन्नईत फिरतात, बोलतात, सकाळी ती विमानात बसून जाते. संपलं.

मारामारी नाही, खलनायक नाही, साधी मिठी म्हणाल तर तीही मोजूनमापून. तरी मी गॅलरीत.

मला अडकवलं ते रामच्या पेटीने. त्याच्या घरी एक पेटी आहे, तिच्यात शाळेपासूनच्या सगळ्या वस्तू. दहावीच्या शेवटच्या दिवशी जानूने पेनातली शाई उडवलेला तो पांढरा शर्टसुद्धा. शेवटी ती गेल्यावर तो तिचे राहिलेले कपडे घडी करून त्याच पेटीत ठेवतो. कडी लावतो. मला वाटलं, ह्या माणसाचं आयुष्य थांबलेलं नाही, त्याने ते नीट जपून ठेवलंय. तुम्हाला काय वाटतं?

(माझी कुठलीही जानू नव्हती, हे आधीच सांगतो.)

नाना_खवचट

ज्याला कुणी विचारलं नव्हतं त्याने आधीच सांगितलं. नोंद घेतली आहे.

चित्रपट पाहिलाय. चाळीस मिनिटांची गोष्ट अडीच तास शिजवली आहे. मध्येच दोघं मेट्रोत बसतात, मध्येच ती त्याला दाढी करायला नेते. आमच्या वेळी दाढी करून मग मुलीला भेटायला जायचे.

सोनटक्का

नाना, ती दाढीच तर महत्त्वाची! तिला तिचा दहावीतला राम बघायचा असतो.

चहा, छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

मोरपिशी

सगळ्यांचं 'अगदी अगदी' सुरू व्हायच्या आत जरा मीठ टाकते.

मला राम आवडला नाही. विजय सेतुपती आवडला, राम नाही. बावीस वर्षं पेटी जपणं आपल्याला थोर वाटतं, कारण पेटीला उलट बोलता येत नाही. जानूने काय काय केलं बघा. लग्न केलं, देश सोडला, मूल वाढवलं, संसार चालवला. हा मात्र तिला सोळाव्या वर्षीच इस्त्री करून ठेवतोय. बाई म्हणजे डांबराच्या गोळ्या घालून ठेवायचा शालू नव्हे.

आणि कॉलेजचा प्रसंग. हा तिला शोधत तिच्या कॉलेजपर्यंत जातो, निरोप पाठवतो. तिला वाटतं, तो मागे लागणारा दुसराच कुणी आहे, म्हणून ती हाकलायला सांगते. गैरसमज, मान्य. पण हा बाबा लगेच मान खाली घालून परत! फाटकाशी एक तास उभा राहिला असता तर? पुढे तिच्या लग्नाला जाऊन लांबून बघतो आणि ताळी बांधायच्या आत निघून जातो. ती तिकडे मांडवात त्यालाच शोधत होती, हे तिला बावीस वर्षांनी सांगावं लागतं. ह्याला प्रेम म्हणायचं की भित्रेपणाला चंदनाचा लेप?

दुपारचा_चहा

मोरपिशी, 'फाटकाशी एक तास' हे बरोबर. पण तो त्या वयाचा, त्या घरातला, वडलांचं कर्ज डोक्यावर घेऊन गाव सोडलेला मुलगा आहे. 'ती म्हणते जा' एवढं ऐकल्यावर तिथे ठिय्या देऊन बसणारे नायक आपण शेकड्याने पाहिलेत. मुलगी नाही म्हणते आणि हा तीन गाण्यांत तिचं हो करून घेतो. तशा शंभर नायकांपुढे हा एक निमूट परत जाणारा मला परवडला.

मोरपिशी

हा मुद्दा घेतला. अर्धा.

वेलदोडा

मी अजून पाहिला नाही, पण पॉपकॉर्न घेऊन बसलेय. हिंदीत आहे का?

कावेरीकाठचा

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो. आम्ही तंजावरचे मराठी, आता चेन्नईत. घरात जी मराठी बोलतो ती इथे लिहिली तर तुम्ही हसाल, म्हणून पुस्तकी लिहितो. चूकभूल द्यावी.

तंजावर म्हटल्यावर राहवलं नाही. इकडे आम्हाला 'रायर' म्हणतात. व्यंकोजीराजे सतराव्या शतकात आले, १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा मोठा मराठी लेख आहे, १८०३ सालचा. लहानपणी आजोबा बोट धरून तो वाचायला लावायचे आणि आम्ही तिथल्या गार दगडावर पाय ठेवून कधी सुटतोय ह्याची वाट बघायचो. सांगायचं एवढंच की तो गाव पडद्यावर आला की माझा तटस्थपणा संपतो, तेव्हा माझं मत जरा कमी धरा.

आता एक गंमत, जी भाषांतराच्या ओळींत निसटते. नावं. आमच्याकडे बहुतेकांना आडनाव नसतं, वडलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लागतं. के. रामचंद्रन. एस. जानकी देवी. पहिलं ऐकून काही वाटत नाही, पण 'एस. जानकी' म्हटलं की तमिळ घरात सगळे वर बघतात. ती आमची थोर पार्श्वगायिका. मुलीचं नाव तिच्यावरूनच ठेवलंय आणि मुलगी वर्गात गाते. त्यामुळे हजेरीतलं नाव घेतलं की सोबत गाणंही ऐकू येतं.

सोनटक्का

हे माहीत नव्हतं! मला वाटलं नुसतं राम-जानकी.

आणि मग ते वीज गेल्यावर ती म्हणते ते गाणं एस. जानकींचंच असणार. काटा आला होता.

तीव्र_मध्यम

नाही, आणि नेमकं तिथेच खरं सौंदर्य आहे.

'यमुनै आट्रिले' हे 'दळपति' (१९९१) मधलं. संगीत इळयराजा, शब्द वाली ह्या गीतकाराचे, मूळ आवाज मिताली बॅनर्जी भौमिक. जेमतेम दीड मिनिटाचं गाणं. म्हणजे जानकीच्या नावाची मुलगी शाळेत जानकीची गाणी गाते, पण रामला तिच्याकडून हवं असतं हे एकच, आणि नेमकं हेच ती कधी म्हणत नाही. तो मागतो, ती दुसरंच सुरू करते. बावीस वर्षं ते देणं बाकी राहतं. मग त्या रात्री त्याच्या घरात वीज जाते, तो दिव्यासाठी अंधारात धडपडतोय आणि मागून तिचा आवाज येतो. वाद्यांचा आधार जवळजवळ नाहीच. रामची जी त्रेधा उडते ती बघा. हातात दिवा येतो, पण तिच्याकडे धड बघवत नाही त्याला.

आवाज चिन्मयीचा. त्रिशाचं बोलणंही तिनेच डब केलं आहे, म्हणून बोलण्यातून गाण्यात जाताना शिवण दिसत नाही. आपल्याकडे नटी बोलते एका आवाजात आणि गायला लागली की दुसरीच बाई अंगात येते, तसं इथे होत नाही.

बाकी संगीत गोविंद वसंताचं. 'तैक्कुडम ब्रिज' ह्या बँडमधला व्हायोलिनवाला. व्हायोलिन कुठे कुठे इतकं बारीक धरलंय की ते सुरू कधी झालं ते कळत नाही, थांबल्यावर कळतं.

कावेरीकाठचा

तीव्र_मध्यम, अगदी बरोबर. शब्दांचा अर्थही सांगतो, कारण मराठी माणसाला तो लगेच कळेल. यमुनेचा काठ, ओला वारा, राधा वाटेकडे डोळे लावून बसली आहे, रात्र गेली, दिवस गेला, तो आला नाही. शेवटी येतं 'पावम राधा'. 'पावम' म्हणजे बिचारी. म्हणजे तुमची गौळणच की. विरहिणी म्हणा फार तर.

आणि 'दळपति'मध्ये हे गाणं जिच्या तोंडी आहे त्या शोभनाच्या पात्राचं लग्नही शेवटी दुसऱ्याशीच होतं. १९९१ मध्ये तो चित्रपट पाहिलेल्या प्रत्येक तमिळ प्रेक्षकाला जानूने पहिला सूर लावताच हे आठवतं. तिला वेगळं काही बोलावं लागत नाही.

मोरपिशी

थांबा थांबा. म्हणजे नावं राम आणि जानकी, आणि गाणं राधेचं?

राम-जानकी म्हणजे लग्न, मंगलाष्टकं, पाटावर शेजारी. राधा म्हणजे ज्यात लग्न नाही ते सगळं. बाई स्वतःचं नाव बाजूला ठेवून दुसरीच्या नावाने सांगते, आणि तेही दिवे गेल्यावर. आता मला परत बघावा लागणार. जानूच्या बाजूने बघितलं तर पेटी रामची असली तरी त्या रात्रीची किल्ली तिच्याकडे आहे. काय बोलायचं, कधी गायचं, किती जवळ जायचं, सगळं ती ठरवते. तो नुसता घाबरतो. तिने विचारलेला तो 'तू अजून ब्रह्मचारी आहेस का' छापाचा प्रश्न आठवा, गडी पार लाजून चूर.

रामबद्दलचं मत बदललेलं नाही.

नाना_खवचट

आम्ही मोरपिशींना मत बदलताना पाहिलं. ह्या धाग्याचा दिनांक जपून ठेवा. पेटीत ठेवा हवं तर.

शनिवारची_शाळा

माझा आवडता प्रसंग कुणीच काढला नाही. रात्री फिरताना रामचे विद्यार्थी भेटतात आणि त्यांना वाटतं ही सरांची बायको. राम खुलासा करायच्या आत जानू बोलायला लागते. तुम्ही दोघं कसे भेटलात, असं पोरी विचारतात आणि ती सांगते तो कॉलेजचाच प्रसंग, पण जसा घडायला हवा होता तसा. निरोप येतो, ती बाहेर येते, तो दिसतो... पुढचं सगळं तिने तिथल्या तिथे रचलेलं. पोरी गालावर हात ठेवून ऐकतायत. राम मान खाली घालून बसलाय. आणि आपल्याला कळतं की ही गोष्ट तिने आत्ता रचलेली नाही, मनात हजार वेळा घोळवून गुळगुळीत झालेली आहे.

मोरपिशी, तुमचा 'फाटकाशी एक तास' जानूने असा भरून काढला.

मोरपिशी

आता रडवणार का?

खडूची_पूड

निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे माझं लक्ष लहान राम-जानूवर. त्या दोन मुलांनी अर्धा चित्रपट खाल्ला. छोटी जानू गौरी किशन, छोटा राम आदित्य भास्कर (एम. एस. भास्कर ह्या नटाचा मुलगा). मैत्रीण सुभाषिणी मोठेपणी देवदर्शिनी आहे आणि लहानपणी तिची खरी मुलगी, त्यामुळे चेहरा जुळवायचा त्रासच नाही.

ती छातीवर हात ठेवते आणि पोरगं धाडकन पडतं, ह्यावर माझे जावई हसले. मी हसलो नाही. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलोय. मुलीने पट्टी मागितली म्हणून घाम फुटलेले मुलगे पाहिलेत. एकाला तर फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, मागून 'ती' हसली, आणि ह्याने खडू हातात मोडून दोन्ही तुकडे खिशात घातले. जागेवर जाऊन बसला. गणित तसंच.

वेलदोडा

सर, __/\__

कुणीतरी सांगा ना, हिंदीत आहे का?

तीव्र_मध्यम

वेलदोडा, डब केलेला मिळेलही, पण बघू नका. मूळ बघा, खालच्या ओळी वाचा. ह्यात बोलणं कमी आहे, वाचायचा ताण येत नाही.

पुनर्निर्मिती दोन. कन्नडमध्ये '९९' (२०१९, गणेश आणि भावना), तेलुगूत 'जानू' (२०२०, शर्वानंद आणि समंथा). तेलुगू तर खुद्द प्रेमकुमारनेच केला, जवळजवळ चौकटीला चौकट. समंथा छान आहे. पण गाणं परक्या अंगणात नेलं की काय होतं ते कळतं. 'यमुनै आट्रिले' ऐकून जे तमिळ माणसाच्या पोटात होतं ते उचलून नेता येत नाही.

आणि एक वादाची नोंद. २०१९ मध्ये एका मुलाखतीत इळयराजा ह्या प्रकारावर चिडले होते. जुना काळ दाखवायला माझी गाणी का लागतात, तुम्हाला त्या काळाचं संगीत करता येत नाही का, अशा अर्थाचं, बरंच कडक शब्दांत. त्यांची बाजू समजते. पण १९९४ च्या तंजावरमधली मुलगी वर्गात गाणार म्हणजे इळयराजाच गाणार ना? आपल्याकडे त्या वर्षीच्या मुलीला गॅदरिंगमध्ये आजचं गाणं म्हणायला लावलं तर चालेल का?

नाना_खवचट

आमच्याकडे मराठीत केला तर तंजावरच्या जागी वाई येईल, कारण घाट तयार आहे. गेट-टुगेदरला लावणी येईल. विनोदी मित्र तोतरा असेल. आणि जानूचा नवरा शेवटच्या वीस मिनिटांत वाईट निघेल, म्हणजे प्रेक्षकांना अपराधी वाटायला नको.

मोरपिशी

नाना, ह्यासाठी तुम्हाला एक वडापाव. त्या नवऱ्याचं वाईट न निघणं हेच तर ह्या गोष्टीचं हाड आहे. तो बरा माणूस आहे, ती सुखात आहे, आणि तरीही. त्या 'तरीही'ला कुणाला दोष देता येत नाही.

कावेरीकाठचा

अवांतर : आमच्याकडे हा चित्रपट थिएटरात चालू असतानाच २०१८ च्या दिवाळीला टीव्हीवर दाखवून टाकला. महिनाच झाला होता. खुद्द त्रिशाने ट्विटरवर विनवलं होतं की पोंगलपर्यंत थांबा. ऐकतंय कोण. पण आमच्या घरात त्या दिवशी आईने मुरुक्कूचं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि पाट घेऊन टीव्हीसमोर बसली. संपल्यावर एवढंच म्हणाली, "मुलगी सकाळी विमानात बसेपर्यंत उपाशीच ना गं?"

प्रेमकुमारचा पुढचा तमिळ चित्रपट 'मेय्यळगन' (२०२४). कार्ती आणि अरविंद स्वामी. पुन्हा तंजावर, पुन्हा गोविंद वसंता, पुन्हा घर सोडून मद्रासला गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी गावात येतो आणि एक रात्र. ह्यात प्रेयसी नाही, एक नातेवाईक आहे ज्याचं नावच ह्याला आठवत नाही. आणि गंमत म्हणजे 'दळपति'त शोभनाचं लग्न ज्याच्याशी होतं तो हाच अरविंद स्वामी. माझ्या मते प्रेमकुमारला प्रेमापेक्षा गाव सुटण्याचंच जास्त दुखतं.

सोनटक्का

पेटीवरून माझीही एक गोष्ट. नाव बदलून वावरतेय म्हणून सांगते.

नववीत एका मुलाचा कोनमापक माझ्याकडे राहिला. प्लॅस्टिकचा, एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा, कारण तो विचार करताना चावायचा. परत द्यायचा राहिला, मग मुद्दाम राहिला. लग्नानंतर सासरी आला, दोन घरं बदलली तरी होता, शिवणाच्या डब्यात, बॉबिनच्या खाली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. तालुक्याच्या गावी कार्यालय घेतलं होतं, फेटेबिटे. मी कोनमापक पर्समध्ये घालून नेला. काय करणार होते देव जाणे. जेवणाच्या रांगेत तो माझ्या पुढेच उभा. मागे वळून अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही आधी घ्या. तुम्ही कोणाच्या मिसेस?"

मी जिलबी घेतली.

कोनमापक परत शिवणाच्या डब्यात गेला. मागच्या वर्षी मुलीला आयत्या वेळी हवा होता म्हणून दिला. शाळेत हरवून आली. म्हणाली, "आई, असूदे गं, चावलेलाच होता."

शनिवारची_शाळा

निःशब्द.

नाना_खवचट

सोनटक्का, हा प्रतिसाद वरच्या सगळ्या चर्चेला भारी आहे. मी खवचटपणा एक दिवस बंद ठेवतो.

वेलदोडा

काल रात्री पाहिला, मूळ तमिळमध्येच. तीव्र_मध्यम, आभार. मला सगळ्यात जास्त विमानतळाच्या वाटेवरचं लागलं. गाडीत ती त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवते. तो गिअर बदलतो, हात तसाच. ती खिडकीकडे बघत नाही, तो तिच्याकडे बघत नाही, आणि गाडी चालली आहे. आता दर वेळी गाडीत बसले की नवऱ्याच्या हाताकडे लक्ष जातं. आमची गाडी ऑटोमॅटिक आहे.

मोरपिशी

:D :D वेलदोडा, हे छापून भिंतीवर लावा.

मी परत बघितला. रामला अर्धा गुण वाढवून दिला. पेटीसाठी नाही. विमानतळावर त्याने तिला 'थांब' म्हटलं नाही, त्यासाठी.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे आभार, धागा कुठल्या कुठे गेला.

एक कबुली देतो. आमची बॅच १९९६ ची, दहावी. ग्रुपवर एकशे बारा जण आहेत. काल रात्री साडेअकराला मी तिथे हा चित्रपट सुचवला, खाली एक ओळ लिहिली : 'क तुकडीतल्यांनी जरूर बघा.' सकाळपर्यंत चार सुप्रभात, एक गणपती, आणि एकाने गॅस सिलिंडरच्या सबसिडीचं काहीतरी पाठवलं. उत्तर कुणाचंच नाही.

तो मेसेज कुणी कुणी वाचला ते बघता येतं, हे मला माझ्या मुलीने शिकवलंय. बघितलं. अकरा चौतीसला एकीनेच वाचला होता.

नाना_खवचट

म्हणजे चार मिनिटांत. बाई जागी होती. ताट धुऊन ठेवा, चहा, वहिनी उद्या येतायत.